सूनबाईंनी मिस्सेत वाचन केलं तर?

प्रश्न: वसई भागातल्या ६२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे पती दीर्घ आजारानंतर गेल्या वर्षी वारले. पुढच्या महिन्यात पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या अर्पणाची चर्चमधली उपासना, आहे. थोरली सून हिंदू घरातली. १७ वर्षांपूर्वी बिशपांची परवानगी घेऊन लग्न चर्चमध्येच लागलं. तिने बाप्तिस्मा मात्र घेतलेला नाही. आजारपणात सासऱ्यांचं खाणंपिणं, औषधपाणी, अंगपुसणी सगळं तिनेच केलं. रोज रात्री ती त्यांना बायबलमधल्या योहानच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) चौदावा अध्याय वाचून दाखवायची. ‘माझ्या मिस्सेला हिनेच वाचायचं,’ असं ते सांगून गेले. फादर म्हणतात, मिस्सेतलं बायबलचं वाचन तिला देता येणार नाही, श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपैकी (वाचनांनंतर सगळ्यांच्या वतीने केल्या जाणाऱ्या विनंत्यांपैकी) एक प्रार्थना ती म्हणू शकेल. ताईंच्या दिरांना तेही मान्य नाही. शिवाय ताईंची नणंद घटस्फोटित, म्हणून तिनेही वाचू नये, आणि मुळात बायकांनी वेदीपाशी जायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. राहता राहिला १५ वर्षांचा नातू, सूनबाईंचाच मुलगा. तो इंग्रजी माध्यमातला, मराठी अडखळत वाचतो. नात्यातल्या एका बाईंनी तोडगा काढला आहे: महिन्याभरात सुनेचा बाप्तिस्मा उरकून घ्या. ताई विचारतात, ‘गेलेल्या माणसाचा शब्द मोडू का? जिने एवढं केलं तिला देवाच्या घरात परकी ठरवू का? का सरळ बिशपांकडे जाऊ?’

उत्तर: ताई, दिवस थोडे आहेत म्हणून आधी सरळ उत्तरं देते. मिस्सेतलं वाचन सूनबाईंना देता येणार नाही. फादर बोलले ते नियमाला धरून आहे. नणंद वाचू शकतात. नातू वाचू शकतो. बायकांबद्दल दीर जे म्हणतात ते ख्रिस्तसभेचं, म्हणजे चर्चचं, म्हणणं नाही, आणि गेल्या पन्नास वर्षांत नव्हतं. बिशपांकडे जाऊ नका. तिथेही हेच उत्तर मिळेल आणि फादरांशी मात्र वाकडेपणा येईल. बाप्तिस्म्याचा तोडगा तर आजच्या आज बाजूला ठेवा.

आता जरा सविस्तर बोलू, कारण तुमच्या पत्रात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

पहिली गोष्ट तुमच्या यजमानांच्या इच्छेची. त्यांना सूनबाईंच्या तोंडून योहानचा चौदावा अध्याय हवा होता. तो अध्याय शुभवर्तमानातला आहे, आणि मिस्सेत शुभवर्तमान वाचायचं ते दीक्षित सेवकाने, म्हणजे डिकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकाने) किंवा धर्मगुरूने. प्रापंचिकांनी, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या सर्वसामान्य ख्रिस्ती माणसांनी, ते वाचायचं नाही, धर्मभगिनींनीसुद्धा नाही. २००४ साली व्हॅटिकनने हे पुन्हा स्पष्ट शब्दांत सांगितलं. अपवाद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आणि गुड फ्रायडेला प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत दोघा-तिघांत वाटून वाचतात, त्यात प्रापंचिकांना भाग घेता येतो. ख्रिस्ताचे शब्द तेव्हाही शक्यतो धर्मगुरूच म्हणतात. जिथे धर्मगुरू पोहोचू शकत नाहीत अशा गावी मिस्सेविना रविवारची प्रार्थना होते, तिथे ती चालवणारा नेमलेला प्रापंचिक शुभवर्तमानही वाचतो. पण तुमच्याकडे मिस्सा आहे.

म्हणजे बघा, सूनबाई जन्माने कॅथलिक असत्या, रोज मिस्सेला जाणाऱ्या असत्या, तरी या अध्यायाबाबत त्यांना हेच उत्तर मिळालं असतं. तुमच्या मुलालाही हेच मिळालं असतं. ‘परकी ठरवली’ असं तुम्हाला वाटतंय, पण यजमानांनी जे मागितलं होतं ते घरातल्या कोणालाच करता आलं नसतं. आजारी माणूस रात्री जे ऐकून शांत झोपतो तेच त्याला आपल्या मिस्सेतही ऐकावंसं वाटतं. त्यावेळी कुठलं वाचन कोणाचं हे त्याच्या मनात येत नाही. त्यांची इच्छा खोटी नव्हती आणि ती मोडायचीही गरज नाही. ती कशी पुरी करायची ते पुढे सांगते.

तुम्ही म्हणाल, शुभवर्तमान राहू दे, पहिलं वाचन तरी तिला द्या. इथे थांबून एक विचारते, रागावू नका. वाचन म्हणजे मान, आणि ज्याने जास्त केलं त्याला तो मान मिळायला हवा, असं आपण केव्हापासून धरून चाललो आहोत? आपल्याकडे लग्नात, सणात, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या (कम्युनियनच्या) दिवशी ‘वाचन कोणाला दिलं’ यावरून रुसवेफुगवे होतात. मावशीला दिलं मग आत्याला का नाही, इथपर्यंत गोष्ट जाते. व्हिडिओवाला वाचणाऱ्याच्या तोंडापाशी कॅमेरा नेतो आणि घरचे ते पुन्हा पुन्हा बघतात. हे मी सगळ्यांनाच सांगते आहे, एकट्या तुम्हाला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात म्हटलं आहे की चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचलं जातं तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलत असतो. तिथे उभा राहणारा आपला गळा त्याला उसना देतो. त्याच्या कष्टांची पावती म्हणून ती जागा नाही. ऐकणाऱ्यांसाठी आहे.

म्हणूनच मिस्सेची नियमावली सांगते की शुभवर्तमानाआधीची वाचनं ही धर्मगुरूची कामं नाहीत, वाचकाची आहेत. धर्मगुरू समोर बसलेले असले तरी वाचायचं वाचकाने. हे काम त्याला फादरांनी मेहेरबानीने दिलेलं नसतं. त्याच्या बाप्तिस्म्यातून ते येतं. वाचन संपल्यावर तो हा प्रभूचा शब्द असल्याचं जाहीर करतो आणि सगळी मंडळी उत्तर देते. ती त्याची श्रद्धेची साक्ष असते. वाचन आणि साक्ष यांचं हे नातं चर्चच्या सुरुवातीच्या दिवसांतही दिसतं. इसवी सन २५०च्या सुमारास छळाच्या काळात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी वाचक म्हणून कोणाला नेमलं? तुरुंगवास आणि यातना सोसूनही ज्यांनी ख्रिस्ताला नाकारलं नाही अशा तरुणांना. ज्या तोंडाने साक्ष दिली त्याच तोंडाने वाचावं, असा त्यांचा विचार होता.

सूनबाईंनी ही साक्ष अजून दिलेली नाही. कदाचित देतील, कदाचित कधीच देणार नाहीत. दोन्ही त्यांच्या हाती. १७ वर्षं त्या तुमच्या घरात आहेत, मुलाला ख्रिस्ती श्रद्धेत वाढू दिलं, सासऱ्यांना बायबल वाचून दाखवलं, आणि तरीही बाप्तिस्मा घेतला नाही. याचा अर्थ त्यांनी काहीतरी विचार केलेला असणार. जी गोष्ट त्यांनी मनाने स्वीकारलेली नाही ती शेकडो लोकांसमोर माईकवरून त्यांच्याकडून वदवून घेणं हा त्यांचा सन्मान होईल का? मला तसं वाटत नाही. नियम इथे त्यांच्या मनाचीही कदर करतो, असं मी मानते.

आणि तुमचं पत्र मी पुन्हा चाळलं ते एकच गोष्ट शोधायला. त्यात दीर काय म्हणतात ते आहे, फादर काय म्हणतात ते आहे, नात्यातल्या बाई आहेत, यजमानांचा शब्द आहे, तुमची घालमेल आहे. सूनबाई काय म्हणतात ते कुठेच नाही. त्यांना विचारलंत का, ताई? सासऱ्यांचा शब्द मोडायला नको म्हणून त्या गप्प असतील. मोठ्या सभेपुढे वाचायची त्यांना भीती वाटत असेल. किंवा त्यांच्या नावावरून घरात एवढं वादळ उठल्याने त्या कानकोंड्या झाल्या असतील. पुढचं सगळं ठरवण्याआधी हे कळायला हवं.

बाप्तिस्म्याच्या तोडग्याबद्दल दोनच वाक्यं. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा ही महिनोन्‌महिन्यांची वाटचाल असते. शिकणं, प्रार्थना, मंडळीबरोबर राहणं, आणि मग बहुधा ईस्टरच्या जागरणविधीत संस्कार. एका वाचनाची अडचण सोडवायला तो ‘उरकून घ्या’ म्हणणं सूनबाईंचाही अपमान आहे आणि संस्काराचाही, आणि त्यांच्या माहेरी याचा काय अर्थ लावला जाईल तेही त्या बाईंनी मनात आणलेलं दिसत नाही.

आता दीर. त्यांचे तीन आक्षेप एका दमात आले आहेत, पण तिघांचं वजन सारखं नाही. सूनबाईंविषयी त्यांनी वापरलेले शब्द कडवट आहेत, मात्र बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीने मिस्सेत वाचन करू नये हा मुद्दा बरोबर आहे. (हाच प्रश्न प्रोटेस्टंट सुना-जावयांबाबत मला विचारला जातो. तिथे थोडी मोकळीक आहे. १९९३च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक मार्गदर्शिकेनुसार, विशेष प्रसंगी आणि योग्य कारण असेल तर बिशप त्यांना वाचनाची परवानगी देऊ शकतात. ती परवानगी बिशपांची, आधी मागून घ्यायची.)

नणंदेविषयी मात्र ते साफ चुकतात. घटस्फोट झाला म्हणून कोणी वाचक होऊ शकत नाही असा नियम नाही. कोर्टाचा कागद हातात असला तरी चर्चच्या दृष्टीने त्या कॅथलिकच आहेत, एकट्या राहतात, ख्रिस्तप्रसाद घेतात. मग वाचनच तेवढं त्यांना वर्ज्य कसं? आपल्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) घटस्फोटित बाईला मागच्या बाकावर बसवायची जी सवय आहे ती पुस्तकातून आलेली नाही, ओसरीवरच्या गप्पांतून आली आहे. पुनर्विवाह नोंदणी पद्धतीने झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फादरांशी शांतपणे बोलावं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिताना अशाही लोकांना उपासनेच्या कामांतून ज्या ज्या प्रकारे बाजूला ठेवलं जातं त्यातलं काय दूर करता येईल ते तपासून बघायला सांगितलं होतं. पण तुमच्या नणंदेला हे सगळं लागूच होत नाही. भाऊ गेला आहे त्यांचा. भावाच्या स्मृतिदिनाला त्यांना वाचायची इच्छा असेल तर त्यांना अडवायचा अधिकार ना दिरांना आहे, ना गावाला.

बायकांच्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो अजून बऱ्याच घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. दीर ज्या वयाचे असतील त्या वयाच्या माणसाला लहानपणीची लॅटिन मिस्सा पुसटशी आठवत असेल. फादर पाठमोरे, वाचन लॅटिनमध्ये, आणि बाकांवर आजीबाई जपमाळ ओढत बसलेल्या. ‘वाचक’ ही तेव्हा धर्मगुरू होण्याच्या वाटेवरची एक खालची पायरी होती, त्यामुळे ती पुरुषांपुरतीच. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, लोकांना वाचायला बोलावलं जाऊ लागलं, आणि बायकांनाही परवानगी मिळाली, पण सुरुवातीला कशी? वेदीच्या कठड्याबाहेर उभं राहून वाचायचं! दिरांच्या मनात ती कठड्याची रेघ अजून असेल तर नवल नाही. १५ ऑगस्ट १९७२ला पोप पॉल सहावे यांनी त्या जुन्या पायऱ्या बंद केल्या आणि वाचक ही प्रापंचिकांनाही मिळू शकेल अशी सेवा केली, पण कायमस्वरूपी नेमणूक पुरुषांसाठीच राखली. १९८३च्या कॅनन लॉमध्येही, म्हणजे चर्चच्या कायद्यातही, तेच राहिलं: कायमचा वाचक पुरुष, पण त्या त्या वेळेपुरतं वाचायला स्त्री असो वा पुरुष, कोणीही. आपल्या चर्चमध्ये रविवारी वाचणाऱ्या बायका इतकी वर्षं या दुसऱ्या वाटेने वाचत आल्या. मग १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कायद्यातला तो ‘पुरुष’ शब्दही काढून टाकला. २३ जानेवारी २०२२ला, देवशब्दाच्या रविवारी, रोममध्ये सेंट पीटर्समध्ये त्यांनी स्वतः स्त्रियांना वाचक म्हणून विधिपूर्वक नेमलं.

हे दिरांना जेवणाच्या पानावर ऐकवू नका. माणूस आपल्या भावाच्या मिस्सेविषयी बोलतो आहे. तोही दुःखात असेल, आणि कायद्याची कलमं तोंडावर फेकली की तो आणखी ताठर होईल. फादरांना विनंती करा की त्यांनीच दिरांना चर्चच्या आवारात गाठून दोन शब्द सांगावेत. आणि दिरांनाही काहीतरी द्या. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वेदीपाशी नेणं हे भावाच्या मिस्सेत भावाने करण्यासारखं काम आहे. ज्याला करायला काही असतं तो दुसऱ्याला कमी अडवतो, असा माझा अनुभव आहे.

आता नातू. तुम्ही लिहिलंत, ‘तोच एक उरतो, पण.’ तो ‘पण’ मला खटकला. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे चाललं आहे. मुलं मराठी उत्तम बोलतात, आजीशी सामवेदीत नाहीतर वाडवळीत, या इथल्या बोलींत, भांडतात, पण देवनागरी पान समोर आलं की बोट ठेवून वाचतात. मग पालक त्यांना रोमन अक्षरांत मराठी टाइप करून देतात आणि मूल मोबाइल घेऊन वाचनमंचावर चढतं. हे करू नका. मोबाइल मंद होतो, मध्येच मेसेज येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पोरगं काहीतरी बघून सांगतंय. मिस्सेत वाचायचं ते वाचनांच्या पुस्तकातून.

महिना पुरेसा आहे. आधी वाचन ठरवा. मिस्सा आठवड्याच्या मधल्या दिवशी असेल तर मृतांसाठीच्या वाचनांतून निवड करता येते. रविवारी ठेवलीत तर वाचनं त्या रविवारचीच राहतील, घरच्यांच्या आवडीने बदलता येणार नाहीत. म्हणून फादरांना पहिला प्रश्न वाराचा विचारा. निवड करता आली तर मुलाच्या जिभेचाही विचार करा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातला मृतांविषयीचा उतारा सुंदर आहे, पण १५ वर्षांचा मुलगा पहिल्याच शब्दावर आपटेल आणि पुढचं सगळं घाबरून वाचेल. यशयाचा पंचविसावा अध्याय बघा. डोंगरावरची मेजवानी, सगळ्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसणारा देव. वाक्यं छोटी, चित्रं डोळ्यांसमोर उभी राहणारी. ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्यायही चांगला. तो मुलाला मोबाइलवरच्या बायबलमध्ये सापडला नाही तर गोंधळू नका. प्रोटेस्टंट आवृत्त्यांत तो ग्रंथ नसतो आणि बरेचसे अ‍ॅप त्याच आवृत्त्या देतात. सॅक्रिस्टीतल्या (फादरांच्या तयारीच्या खोलीतल्या) वाचनांच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून आणा आणि त्याचीच मोठ्या अक्षरांत प्रत करा.

मग सूनबाईंना सांगा, मुलाची तयारी करून घ्या. सासऱ्यांना रोज वाचून दाखवणारी बाई घरात असताना दुसरा शिक्षक कशाला? पहिल्या दिवशी नुसता अर्थ समजावून द्यायचा: कोण बोलतंय, कोणाशी, कशाबद्दल. अर्थ कळला की निम्मं अडखळणं जातं. मग पेन्सिलीने रेघा: कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं नाही. मुलं ओळ संपली की थांबतात, वाक्य संपलं की नाही. ‘प्रभू परमेश्वर सर्वांच्या चेहऱ्यांवरील’ इथे ओळ संपते म्हणून पोरगं श्वास घेतं, आणि ‘अश्रू पुशील’ तेवढं तुटून पडतं. ते एकत्र यायला हवं. पुस्तकातली लाल अक्षरं आणि वरचा तिरक्या अक्षरांतला सारांश वाचायचा नाही. ‘यशयाच्या ग्रंथातून घेतलेले वाचन’ किंवा पुस्तकात जसं असेल तसं, तिथून सुरुवात. शेवटचं ‘हा प्रभूचा शब्द’ म्हणण्याआधी दोन क्षण थांबायचं, नाहीतर ते वाचनाचंच पुढचं वाक्य वाटतं. आदल्या आठवड्यात रोजच्या मिस्सेनंतर रिकाम्या चर्चमध्ये माईकवर एकदा वाचून बघू द्या. घरातला आवाज आणि त्या माईकमधला आवाज यांत मुलाला धडकी भरण्याइतका फरक असतो.

नियमावलीत वाचकासाठी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: तो या कामाला खरोखर योग्य हवा आणि त्याची काळजीपूर्वक तयारी झालेली हवी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनात शास्त्राविषयी गोडी निर्माण होईल. वयाचा उल्लेख नाही, घराण्याचा नाही, माध्यमाचा नाही. ज्यांच्या धर्मग्रामात त्याच चार जणांची नावं वर्षानुवर्षं फळ्यावर लागतात त्यांनीही हे फादरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. ‘आमच्या मुलांना मराठी येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी वाचकगट सुरू करावा. महिन्यातून एकदा तासभर, पुढच्या चार रविवारांची वाचनं समोर घेऊन. घरात बोलीभाषा बोलणाऱ्या बायका ‘आमचं मराठी शुद्ध नाही’ म्हणून मागे राहतात, त्यांना आधी बोलवा. ज्यांना अर्थ कळतो त्यांचा उच्चार चार बैठकांत सुधारतो. अर्थ न कळता सुबक वाचणाऱ्याचं काही सुधारता येत नाही.

म्हणजे मिस्सेत पहिलं वाचन नातवाचं. दुसरं असेल तर ते, नाहीतर स्तोत्र, नणंदेचं. शुभवर्तमान योहान १४, पहिली सहा वचनं, ही फादरांना विनंती करा. मृतांच्या मिस्सेसाठीच्या वाचनांत ती आहेत, त्यामुळे ते नाही म्हणण्याचं कारण नाही. प्रवचनात हा अध्याय तुमच्या यजमानांना कोण वाचून दाखवायचं याचा उल्लेख करायचा की नाही, ते फादरांवर सोडा, पण त्यांना ते माहीत असू द्या.

सूनबाईंना देऊ केलेली प्रार्थना हा उरलासुरला तुकडा समजू नका. श्रद्धावंतांची प्रार्थना हीदेखील मुळात बाप्तिस्मा झालेल्यांचीच प्रार्थना आहे. फादरांनी तरीही जागा काढली आहे. ती प्रार्थना छापील कागदावरची न घेता सूनबाईंना स्वतः लिहू द्या, दोन-तीन ओळींची, आजारी माणसांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. त्या विषयावर प्रार्थना करायचा तुमच्या घरात त्यांच्याइतका अधिकार कोणाचा आहे? फादरांना आधी दाखवा. ख्रिस्तप्रसादानंतरची प्रार्थना झाली की दोन मिनिटं आठवणीचे शब्द बोलू द्याल का, हेही त्यांना विचारा. बरेच फादर देतात. भाषण नको. आभाराचे चार शब्द.

राहिली यजमानांची इच्छा. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी घरी जपमाळेची प्रार्थना ठेवा. शेजारीपाजारी, नातेवाईक, दीरही. त्यात सूनबाई योहानचा चौदावा अध्याय पूर्ण वाचतील, सहा वचनं नाही, पूर्ण, त्या त्यांना वाचून दाखवायच्या तसाच. घरातल्या प्रार्थनेत बायबल कोणी वाचावं यावर कुठलाही निर्बंध नाही. अनुवादही घरात असेल तो चालेल. आणि घरातलं वाचन म्हणजे कमी प्रतीचं, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, आणि मराठी कानांना ख्रिस्ताची कथा त्या ओव्या मोठ्याने वाचण्यागाण्यातून मिळत राहिली. तुमच्या यजमानांनी तरी तो अध्याय कुठे ऐकला होता? घरातच ना! त्यांच्या शब्दाला धरूनच चालला आहात तुम्ही.

दीर त्या संध्याकाळी आले नाहीत तर न येवोत. बोलावणं मात्र तुम्ही स्वतः जाऊन करा, मुलाला पाठवू नका.

पण या सगळ्याआधी, आज संध्याकाळीच, सूनबाईंपाशी बसा. दोघीच. ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि त्या बोलेपर्यंत थांबा. घरातलं वाचन हवं आणि चर्चमधली प्रार्थना नको म्हणाल्या, तर तसं. प्रार्थना हवी पण चार शब्द बोलायला नको म्हणाल्या, तर तसं. आणि मला काहीच करायचं नाही, मी मागे बसून मिस्सा ऐकेन म्हणाल्या, तर त्यांना आग्रह करू नका. फादरांना कळवा आणि ती प्रार्थना तुम्ही स्वतः म्हणा.